गोधडीचा चौथा कोपरा

मुलुंडच्या अलीकडे, नाहूरमधल्या एका चाळीत मालन गुणाजी परब यांची खोली आहे. खोली लहान आहे आणि तीत जे आहे ते सगळे वापरात आहे. एक वस्तू सोडून. स्वयंपाकाच्या फळीवर, तूरडाळीच्या आणि रव्याच्या डब्यांमध्ये, दोन किलोचा एक झाकणाचा स्टीलचा डबा चार वर्षे रिकामा उभा आहे. मालनबाई दर शनिवारी तो इतर डब्यांबरोबर घासतात, पुसतात आणि जागेवर ठेवतात. त्यात काही भरत नाहीत, आणि कुणाला देऊनही टाकत नाहीत.

मालनबाई आज एकोणपन्नास वर्षांच्या आहेत. माहेर कुडाळजवळचे. लग्न होऊन लालबागला आल्या. नवरा गिरणीत होता. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी सुरू झाली, तरी गुणाजींना कामावर परत घेतले नाही. ते भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन झाले, बिऱ्हाड नाहूरला आले आणि मालनबाई मुलुंड पूर्वेच्या पाच घरांत पोळ्या करू लागल्या.

त्यांतले एक घर क्षमाताई केळकरांचे. क्षमाताई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी सोसायटीतल्या बारा-तेरा जणींचे मंडळ काढले होते. ठाण्याच्या पलीकडे कुष्ठरोग्यांची एक वसाहत आहे. तिथल्या लोकांसाठी जुन्या साड्या गोळा करून गोधड्या शिवायच्या, असे या मंडळाचे काम. बायकांना विणकाम येत होते, भरतकाम येत होते, गोधडी येत नव्हती. पहिल्या वर्षी दिलेल्या गोधड्या पहिल्याच धुण्यात उसवल्या आणि आतली चिरगुटे गोळा होऊन एका कोपऱ्यात जमली.

"तुला येते का गं गोधडी?" एका सकाळी क्षमाताईंनी पोळपाटापाशी उभे राहून विचारले.

"आमच्याकडे न येऊन चालत नाही," मालनबाई म्हणाल्या.

तेव्हापासून त्या बुधवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये येऊ लागल्या. आठवड्याचे सहा दिवस त्या केळकरांच्या ओट्याशी उभ्या असत. बुधवारी मात्र सतरंजीच्या मधोमध बसत, आणि ज्यांच्या घरी त्या पोळ्या करीत त्या बायका त्यांना मालनताई म्हणत. शिकवताना त्यांची जीभ सुटत असे.

"अहो नीलावहिनी, ही गोधडी आहे, रांगोळी नाही. टाका देखणा दिसला नाही तरी चालेल, बसला पाहिजे."

नीला सामंत म्हणजे मंडळातली सर्वांत हौशी बाई. सुई टोचली की त्या बोट तोंडात घालीत.

"बोटाचं राहू द्या, आधी कापड बघा," मालनबाई सांगत. "ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी लावायची. लगेच. डाग जातो."

"शी, काहीतरीच!"

"शी काय? वाळू दिलात तर सोड्यानं पण जाणार नाही. मग बघत बसा आयुष्यभर."

मालनबाईंची आणखी एक पद्धत होती. मधले धावदोरे पुरे झाले की गोधडीच्या कडा दुमडून शिवतात. तीन कोपरे बंद झाले की चौथा बंद करण्याआधी त्या कमरेच्या पिशवीतून तांदळाचे पाच दाणे काढून आत सारीत. गोधडीचे पोट रिकामे राहू नये, म्हणून. त्यांच्या आईने असे केले, आजीने केले. क्षमाताईंना हे फार आवडले. मंडळाच्या अहवालात त्यांनी त्यावर चार ओळी लिहिल्या. मालनबाईंच्या हातून आपोआप होणारी ही गोष्ट पुढे त्यांच्यावरच उलटायची होती.

१९८४च्या डिसेंबरात वसाहतीतले कार्यकर्ते अनंत दळवी हॉलमध्ये आले. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात बांधलेले एक बोचके होते.

"कोपऱ्यात तांदूळ घालणाऱ्या बाई कोण?" त्यांनी विचारले.

सगळ्यांनी मालनबाईंकडे पाहिले.

वसाहतीत जानकी नावाची एक बाई होती, दळवींनी सांगितले. कुडाळकडचीच. सव्वीस वर्षांपूर्वी नवऱ्याने तिला इस्पितळात आणून सोडले आणि तो परत आला नाही. मंडळाकडून आलेल्या गोधडीच्या कोपऱ्यात तिला दाणे सापडले. या गोधड्या शिवणारी आपल्या भागातली आहे, असे तिने सगळ्या वसाहतीला सांगितले आणि मग तिच्यासाठी स्वतः एक गोधडी शिवायला घेतली. पाच महिने लागले. उजव्या हाताची बोटे अर्धीच राहिली आहेत, डाव्याचा अंगठा आणि दोन बोटे आहेत. सुई चिमट्यात धरून ओढते.

"रोग कधीच बरा झालाय तिचा," दळवी म्हणाले. ते कुणी विचारले नव्हते.

बोचके उघडले. वर पोपटी फुलांची साडी, खाली निळ्या चौकड्यांचे कापड. टाके वाकडे, काही इंचभर लांब, काही दोऱ्याच्या गाठीसारखे. दळवी चहा घेऊन गेले. गोधडी सतरंजीवर तशीच पडून होती.

"कसला गं वास येतोय?" नीला सामंत म्हणाल्या.

"औषधाचा असेल," कुणीतरी म्हणाले.

"त्या लोकांकडून काही लागत नाही, डॉक्टरांनी आपल्याला इथेच समजावून सांगितलं नव्हतं का?" क्षमाताई म्हणाल्या आणि त्यांनी गोधडीची कड दोन बोटांनी उचलून घडी घातली.

मालनबाईंनाही तो वास आला होता. उग्र, नाकात चढणारा. त्यांनीही मान हलवली. "हो, औषधाचाच."

डॉक्टरांचे भाषण त्यांनी पुढे बसून ऐकले होते. बरा झालेला रोगी कुणाला काही देऊ शकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या कुणाला त्यांनी ते पटवूनही दिले असते. पण घरी जाऊन गोधडी उलटी केली तेव्हा खालच्या निळ्या कापडावर त्यांना तपकिरी ठिपके दिसले. सात होते. दुसऱ्या कुणाला ते चहाचे वाटले असते. मालनबाईंना पहिल्याच ठिपक्याला कळले. सुई टोचली होती आणि शिवणारीला ती टोचल्याचे कळलेच नव्हते. कळले असते, तर तिने लगेच थुंकी लावून पुसले असते.

"त्या वेळी मला तिची कीव यायला हवी होती," मालनबाई सांगतात. "मला भीती वाटली. मी हात साबणानं धुतले. दोनदा."

गुणाजी म्हणाले, "घरात कशाक हाडलंस? चेडू बाळंतपणाक येतला." थोरली मुलगी पहिलटकरीण होती आणि पंधरवड्यात यायची होती. मालनबाईंना हेच कारण हवे होते. गोधडी आठ दिवस बाहेर गॅलरीच्या कठड्यावर पडून राहिली. कुणी विचारले तर, ऊन देतेय, असे त्या सांगत.

नवव्या दिवशी बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई दर महिन्याला चाळीत येते. तिने गोधडी हातात घेऊन जोखली.

"गोधडीला कोण इचारतंय बाई? वर दोन पँटी टाक, तर हा डबा देते."

गुणाजींच्या गिरणीतल्या काळातल्या दोन पँटी होत्या. त्या दिल्या. डबा घेतला.

"ती कुठून आली ते मी तिला सांगितलं नाही," मालनबाई म्हणतात. "सांगितलं असतं तर तिनं घेतली नसती. म्हणजे मी काय करतेय ते मला चांगलं कळत होतं."

त्या डब्यात त्यांनी पोहे भरले. मुलगी आली, बाळंत झाली, नातू झाला.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत मंडळाने गोधड्या पोचवायला टेंपो केला. एरवी पोळ्यांची घरे सोडून मालनबाईंना जाता येत नसे. या खेपेला क्षमाताईंनी ऐकले नाही. "ती बाई तुझी वाट बघतेय, मालन. माझ्या घरच्या पोळ्यांची सुट्टी, चल."

जानकीबाई वसाहतीतल्या लांब पडवीत एका बाकावर बसल्या होत्या. वय साठीच्या आसपास, केस पांढरे, आवाज खणखणीत. मालनबाई समोर येताच त्यांनी विचारले, "तूच गो ती तांदळवाली? गाव खंयचो तुझो?"

गावाचे नाव सांगितल्यावर त्या खूष झाल्या. नदीच्या अलीकडचे गाव मालनबाईंचे, पलीकडचे त्यांचे. दोघींना ठाऊक असलेली एक होडीची तर, एक देऊळ आणि एक भांडकुदळ भटीणबाई निघाली. सव्वीस वर्षांत वसाहतीत आपल्या बोलीत बोलायला कुणी मिळाले नव्हते, असे जानकीबाईंनी सांगितले. मग त्यांनी अपेक्षित तो प्रश्न विचारला.

"गोधडी वापरतंस मां?"

"रोज पांघरतंय," मालनबाई म्हणाल्या.

"ऊब येता?"

"येता तर."

"टाके ढिले पडले असतले. माझ्या हाताचो काय भरवसो? पुढच्या खेपेक घेवन ये. मी परत घालून देतंय."

मालनबाईंनी होकार दिला. पुढची खेप एप्रिलमध्ये होती.

त्याच वेळी खरे सांगता आले असते. दुसरे कुणी असते तर कदाचित सांगितलेही असते, असे त्यांना वाटते. पण या बाईने त्यांना तांदळाच्या पाच दाण्यांवरून ओळखून शोधून काढले होते. त्यांच्या हाताला आजवर असे कुणी ओळखले नव्हते. तो मान एका वाक्यात गमावण्याची त्यांची तयारी नव्हती. जानकीबाईंना हे कधीही कळता कामा नये, एवढीच एक गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली.

बोहारीण मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. मालनबाईंनी तिला जिन्यातच गाठले.

"ती पोपटी गोधडी? कवाच गेली बाजारात."

"परत मिळेल का? दुसरं काय हवं ते घे."

"परत मागाया ती काय उसनी दिलेली वाटी हाय का, बाई?" बोहारीण हसली. "आनि डबा गळतोय का?"

डबा गळत नव्हता. मालनबाईंनी त्यातले पोहे काढून दुसऱ्या डब्यात भरले. तेव्हापासून तो रिकामा आहे.

मग त्यांनी तशीच दुसरी गोधडी शिवायला घेतली. पोपटी फुलांची साडी मंडळाच्या ढिगात नव्हती. ती त्यांनी मुलुंडच्या बाजारात तीन दुकाने हिंडून मिळवली. नवे कापड सोड्याच्या पाण्यात उकळून, कठड्यावर वाळवून, पुन्हा उकळून जुने केले. निळ्या चौकड्यांचे कापड मिळाले. आतले थर घातले. मुलगी बाळाला घेऊन झोपली की दुपारी त्या शिवायला बसत.

काम अवघड होते. पस्तीस वर्षे सरळ टाके घातलेल्या हाताला वाकडा टाका घालता येईना. मुद्दाम लांब घेतलेला टाका पुढच्या दोन टाक्यांत आपोआप सावरला जाई. त्या उसवून पुन्हा घालीत. डावा हात वापरून पाहिला. चिमट्यात सुई धरून पाहिली. चांगली गोधडी त्यांना पंधरा दिवसांत होत असे. ही वाईट गोधडी पुरी व्हायला सहा आठवडे लागले.

"आई, कुणाची ही? अशी कशी शिवतेयस?" मुलीने विचारले.

"ऑर्डरची आहे," मालनबाई म्हणाल्या.

एक गोष्ट त्या सगळ्यांत शेवटी सांगतात आणि सांगताना फळीकडे पाहतात. ठिपके राहिले होते. चिंधीवर चहाचे टाकून पाहिले, ते उठून दिसत होते, लगेच कळले असते. त्यांनी सुई घेतली आणि बोटाला टोचली. सात वेळा. प्रत्येक थेंब निळ्या कापडावर टेकवला आणि तो वाळेपर्यंत थांबल्या. थुंकी लावली नाही.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी त्या टेंपोतून वसाहतीत गेल्या. क्षमाताई आणि नीला सामंत कार्यालयात सामान मोजून देत होत्या. पडवीत मालनबाई आणि जानकीबाई दोघीच होत्या. जानकीबाईंनी गोधडी मांडीवर घेतली. बोटांना काही लागत नसल्यामुळे कापड पाहायचे तर त्या ते गालाला लावीत. आधी वरची बाजू लावली, मग खालची. ठिपक्यांवरून नजर फिरवली. मालनबाई बोलत होत्या: नातू झाला, वजन चांगले आहे, आता हसायला लागला आहे.

मग जानकीबाईंनी एक एक कोपरा उचलून नाकाशी नेला. चौथा कोपरा त्यांनी दोनदा हुंगला. मग दातांत धरून हलकेच चावला.

"तांदूळ," त्या म्हणाल्या.

शेवटचा कोपरा बंद करताना आपण काय केले, हे मालनबाईंना तेव्हा आठवले. एवढे वाकडे टाके मोजून घातले, पण चौथ्या कोपऱ्याशी हात सवयीने कमरेच्या पिशवीत गेला होता.

"मी तांदूळ घालूक नाय," जानकीबाई म्हणाल्या. "मी तिरफळां घातलंय. माझो भाचो वर्साक एकदा येता, तेणां हाडलेली. म्हटलां, गावाकडची बाई आसा, वासानच वळकतली."

कोकणात तिरफळाशिवाय बांगड्याची आमटी होत नाही. मालनबाईंनी ती अकराव्या वर्षापासून केली आहे. वाळलेले तिरफळ उग्र असते, त्याचा वास नाकात चढतो. स्वतःच्या घरात तो त्यांना डोळे मिटूनही ओळखता आला असता. हॉलमध्ये सतरंजीवर बसून त्याच वासाला त्यांनी मान हलवून औषधाचा म्हटले होते.

"वाकडे टाके घालूक तुका खूप वेळ लागलो असतलो," जानकीबाई म्हणाल्या.

मग त्यांनी गोधडीची घडी घातली आणि विचारले,

"माझी खंय आसा?"

"बोहारणीक दिलंय."

"बदल्यात काय घेतलंस?"

"डबो."

"केवढो?"

"दोन किलोचो."

"झाकणाचो?"

"होय." आणि मग, का ते त्यांना आजही सांगता येत नाही, त्या म्हणाल्या, "दोन पँटी पण दिलंय."

"म्हणजे डबो पँटींचो," जानकीबाई म्हणाल्या. "माझी फुकटच गेली."

त्या हसल्या की नाही, हे मालनबाईंनी पाहिले नाही. त्या जमिनीकडे पाहत होत्या. त्यांनी माफी मागायला तोंड उघडले, तेवढ्यात क्षमाताई आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "काय, झाल्या का गावाकडच्या गप्पा? जानकीबाई, आमच्या मालननं तुमची गोधडी किती जपलीय बघा! अजून अगदी जशीच्या तशी."

"होय तर," जानकीबाई शुद्ध मराठीत म्हणाल्या. "नव्यासारखी आहे."

गोधडी त्यांनी परत दिली नाही. ती बरी आहे, ऊब देईल, मीच ठेवून घेते, असे त्यांनी क्षमाताईंना सांगितले. क्षमाताईंना ते फार हृद्य वाटले. त्या वर्षीच्या अहवालात या भेटीवर अर्धे पान आहे. मालनबाई आणि जानकीबाई यांच्यातल्या "निर्व्याज देवाणघेवाणी"बद्दल ते आहे. वार्षिक सभेत मालनबाईंना शाल आणि नारळ दिला. त्या स्टेजवर गेल्या आणि दोन्ही घेतले. खाली उतरून घरी जाईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. लोकांना वाटले, भारावल्या.

त्यांनी हे मंडळात कुणाला सांगितलेले नाही. गुणाजींना अर्धे ठाऊक आहे.

गोधड्या शिवणे त्यांनी सोडले नाही. एक बदल केला. चौथा कोपरा तसाच बंद करू लागल्या. दुसऱ्याच्या पोटाची काळजी घेत असल्याचे आपण काय म्हणून दाखवायचे, असे त्यांना वाटू लागले होते. कुणाच्या लक्षात आले नाही. जून गेला, ऑगस्ट गेला. दोन खेपांना मिळून बावीस गोधड्या तशाच गेल्या. मालनबाई स्वतः गेल्या नाहीत.

ऑक्टोबरात अनंत दळवी काही कामासाठी मुलुंडला आले आणि मुद्दाम बुधवारी हॉलमध्ये डोकावले. जानकीबाईंचा निरोप होता. तो त्यांनी जसाच्या तसा द्यायला बजावले होते, म्हणून दळवींनी मालवणीचा प्रयत्न केला. नीला सामंतांना हसू आवरेना.

"कोपरे रिकामे कित्याक? भांडाण तुझ्या-माझ्यात. बाकीच्यांका उपाशी ठेव नको."

"भांडण? कसलं गं भांडण?" क्षमाताईंनी विचारले.

"काही नाही," मालनबाई म्हणाल्या. "आमच्या गावाकडचं आहे." हातातली गोधडी पुरी होत आली होती. त्यांनी कमरेची पिशवी चाचपली. ती त्या दिवशी त्यांनी आणलीच नव्हती. हॉलच्या मागे राहणाऱ्या पहारेकऱ्याच्या बायकोकडून त्यांनी मूठभर तांदूळ मागून आणले. पाच दाणे मोजून आत सारले आणि कोपरा बंद केला.

त्यानंतर एकही गोधडी रिकामी गेलेली नाही. गेल्या फेब्रुवारीत मंडळाने पाचशेवी गोधडी पाठवली. टेंपो सोसायटीच्या फाटकाशी उभा होता. मालनबाईंनी गठ्ठे आत चढवले, दोरी आवळली आणि त्या खाली उतरल्या.

"अगं, आज तरी येतेस ना?" क्षमाताई आतून म्हणाल्या. "जानकीबाई दर खेपेला विचारतात तुझं. काय सांगू?"

"ह्यांच्या जेवणाचं बघायचंय," मालनबाई म्हणाल्या.

गुणाजी त्या दिवशी सकाळी नऊलाच जेवून भांडुपला गेले होते.